साडूच्या बेससारखा आवाज

रविवार, घटस्थापनेच्या आधीचा. सकाळचा चहा झालेला. ठिकाण: पुंडलिकनगरमधलं आमचं घर, जेवणाचं टेबल. हजर: मी, बायको आणि जुन्या चादरीवर पालथा घातलेला माझा चार तारांचा बेस गिटार. गैरहजर: साडू. त्याला मुद्दामच बोलावलं नव्हतं.

साहित्य आदल्या दिवशीच ताटात काढून ठेवलं होतं. सोल्डरिंग गन, कथील, स्टार स्क्रूड्रायव्हर, गोल कानस, मल्टीमीटर, फोमचा तुकडा, नऊ व्होल्टची नवी बॅटरी. आणि ज्याच्यासाठी हा सगळा पसारा, तो प्रीअँप: काडेपेटीएवढं सर्किट, त्याला लोंबणाऱ्या रंगीत वायरी आणि चार नॉब.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या बेसमध्ये तारेचा आवाज जसा निघेल तसा वायरीतून अँपकडं, म्हणजे स्पीकरच्या पेटीकडं, जातो. ॲक्टिव्ह बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारं एक सर्किट असतं. ते आवाज आतच उचलतं, खालचे सूर भरदार करतं, वरचे स्वच्छ. माझ्या साडूचा बेस ॲक्टिव्ह आहे. माझा साधा होता, आणि साडू येईपर्यंत मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

आमचा ग्रुप म्हणजे रविवारी संध्याकाळी जमून जुनी सिनेमातली गाणी वाजवणारी चार माणसं. गाणाऱ्या ताई ट्रेझरीतून निवृत्त झालेल्या. कीबोर्डवर त्यांचेच यजमान. ते बोलत नाहीत. ऑक्टोपॅडवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. बेसवर मी. मी वाळूजला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि ग्रुपमध्येही तेच करतो. गाण्यांचा क्रम, पट्ट्या, वायरी, एक्स्टेंशन बोर्ड, सगळं माझ्याकडं. ताई नेहमी म्हणायच्या, तुम्ही नसाल तर आम्हाला प्लग कुठं घालायचा तेही कळणार नाही.

साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. पुण्याहून बदली होऊन आला, उस्मानपुऱ्यात राहायला. माझ्यापेक्षा लहान, हसरा, कुणाच्याही घरात शिरून स्वतः पाणी घेऊन पिणारा. त्याच्याकडं पाच तारांचा बेस आहे हे कळल्यावर त्याला प्रॅक्टिसला मीच घेऊन गेलो. वाटलं, बसेल, ऐकेल, दाद देईल. त्या दिवशी माझ्या बोटाला कापलेलं होतं म्हणून एका गाण्यापुरता त्याला वाजवायला सांगितलं. अर्ध्या कडव्यात ताई गायच्या थांबल्या.

"अगं बाई! आज बेस ऐकू येतोय."

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण त्या 'आज'नं माझी झोप उडाली. म्हणजे इतकी वर्षं काय ऐकू येत होतं?

उस्तादांनीही मान डोलावली. "क्या भाई, पेट में बज रहा है."

साडू लाजला आणि म्हणाला, "बेस दादांचाच चांगला आहे, माझं नुसतं सर्किट." हे ऐकून तर आणखीच जळालो. हरवणाऱ्या माणसानं निदान थोडा माज तरी करावा.

मग तो दर रविवारी यायला लागला. आणि नवरात्राच्या तोंडावर ताईंनी सांगून टाकलं, "कोजागिरीला बेस एकच लागेल. कोण वाजवणार ते तुम्ही साडूसाडू ठरवा. नाहीच ठरलं तर त्या दिवशी मी दोघांचा ऐकते आणि सांगते." कोजागिरी हा आमचा लोकांसमोरचा एकच कार्यक्रम, कॉलनीच्या मोकळ्या जागेत. ती खुर्ची आजवर माझी होती आणि मला ती सोडायची नव्हती. म्हणून हा प्रीअँप.

"भाऊजी बसवून देतो म्हणत होते," बायको म्हणाली. तिच्या हातात मोबाइलचा टॉर्च, उजेड माझ्या डोळ्यांवर.

"उजेड आत पाड."

"त्यांच्याकडं सगळी हत्यारं आहेत."

"माझ्याकडं काय लाटणं आहे का?"

"बरं, ते म्हणाले एक छोटा स्विच नक्की ठेवा. म्हणजे बॅटरी संपली तरी जुना आवाज चालू राहतो. त्यांनी स्विच दिलाय पण. डब्यात ठेवलाय."

"राहू दे डब्यात."

त्या स्विचसाठी लाकडाला नवं भोक पाडावं लागलं असतं, हे मी बायकोला सांगितलेलं कारण. खरं कारण, ती सूचना त्याची होती. बॅटरीचंही तसंच. त्याच्या बेसच्या पाठीला बॅटरीचं छोटं दार आहे, नखानं उघडतं. तसं दार माझ्याही बेसला कापता आलं असतं. मी ठरवलं, आपली बॅटरी पाठीवरच्या झाकणाच्या प्लेटखालीच बसवायची, सहा स्क्रूंच्या आत.

काम मात्र नीट केलं. जुन्या जोडणीचे फोटो काढले, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची खूण केली, मगच तोडली. नव्या नॉबचे दांडे जाड होते, भोकं कानशीनं मोठी केली. बायकोनं खाली कागद धरून भुसा गोळा केला. वायरीची पिन जिथं शिरते तो जॅकही बदलला. सर्किटबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं: पिन घातली की बॅटरी चालू, पिन काढली की बंद, वेगळं बटण नाही. मी ते वाचलं, त्याप्रमाणे तीन वायरी तीन जागी जोडल्या, मीटरनं तपासल्या. सर्किटवरचा बारीक लाल दिवा लागला. पिन काढली, विझला. घातली, लागला.

"छान दिसतोय," बायको म्हणाली. "पण प्लेट लावल्यावर कोणाला दिसणार?"

पहिल्यांदा अँपला लावला तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी घरघर. तारांच्या ब्रिजकडून येणारी अर्थिंगची वायर जोडायची राहिली होती. प्लेट पुन्हा उघडली, जोडली, लावली. मग खालची तार छेडली.

स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले वाजले.

बायकोनं एक पेला हातानं धरून थांबवला. मग म्हणाली, "अगदी भाऊजींच्यासारखा आला हो!" तिला वाटलं हे कौतुक आहे. मी "हं" म्हटलं आणि एक नॉब आणखी थोडा फिरवला.

हा आवाज साडूच्या कानावर कोजागिरीपर्यंत पडू द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. त्यानं ऐकला असता तर त्याला उत्तर द्यायला वेळ मिळाला असता. नव्या तारा टाकल्या असत्या, काहीतरी केलं असतं. त्या रविवारपासून नवरात्र संपेपर्यंत प्रॅक्टिसला सुट्टी होती. आठ दिवस दारं लावून, अँप हळू ठेवून वाजवत राहिलो.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं पूजेत मांडतात ती कामाला तयार अशी. ही आईनं घालून दिलेली पद्धत. शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवलेला पाहिजे, कात्री पुसून धार लावलेली पाहिजे. सुटं, अर्धवट काही ठेवायचं नाही. त्यामुळं बेसही दरवर्षी वायर लावूनच मांडतो. एक टोक बेसमध्ये, दुसरं अँपमध्ये, अँपचा प्लग अर्थातच भिंतीतून काढलेला. वरच्या चाव्यांपाशी हळदकुंकू, मानेला झेंडूची माळ. शेजारी बायकोचं मशीन.

संध्याकाळी ताईंचा फोन. "ऐकलं, तुम्ही गिटारमध्ये काहीतरी नवीन बसवलंय म्हणे? रविवारी लवकर आणा, ऐकायचंय आम्हाला."

बायकोनं बहिणीला सांगितलं होतं, बहिणीनं नवऱ्याला, नवऱ्यानं ताईंना. मी काही विचार न करता म्हणालो, "ताई, आमच्याकडं पूजेत मांडलेलं वाद्य पौर्णिमेपर्यंत हलवत नाहीत."

फोन ठेवला तर बायको समोर उभी. "ही पद्धत कधीपासून?"

"आजपासून."

"मग माझं मशीनही पौर्णिमेपर्यंत बंद का? चार ब्लाउज द्यायचेत मला."

"मशीन वाद्य नाही."

"वाजतं तर खूप," असं म्हणून ती दिवा लावायला गेली.

दसऱ्याला ताई आणि त्यांचे यजमान सोनं द्यायला आले. ताईंनी चपला काढल्या, हॉलमध्ये आल्या आणि माळ घातलेल्या बेससमोर उभं राहून हात जोडले. "छान हो. हल्ली कोण एवढं पाळतं?" त्यांचे न बोलणारे यजमानसुद्धा वाकले. झालं. आता तो बेस हलवण्याची सोय राहिली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला बायको गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "हात नका लावू, यांच्याकडची पद्धत आहे," आणि माझ्याकडं बघायची.

बेस होता तसाच उभा राहिला, वायर लावलेला. अँप बंद म्हणजे सगळं बंद, ही माझ्या हातांची जुनी सवय. साध्या बेसला वायर महिनाभर लावून ठेवली तरी काही फरक पडत नाही. प्लेटखाली तो लाल दिवा रात्रंदिवस जळत होता आणि मी रोज त्याच्यासमोर उदबत्ती लावत होतो.

रविवारच्या प्रॅक्टिसला साडूनं बेस वाजवला आणि मला उस्तादांनी खंजिरी दिली. "ले भाई, आज तू ये बजा." मी वाजवली. त्यात साडूनं एका संथ गाण्यात एक जागा घेतली: वरच्या सुरावरून बोट न उचलता घसरत खाली यायचं, थोडं थांबायचं, मग समेवर. ती जागा माझी. मूळ गाण्यात ती नाही, मी कित्येक वर्षांपूर्वी घातलेली.

"ही कुठून शिकलास?" मी विचारलं.

"तुमच्याच रेकॉर्डिंगवरून, दादा. ग्रुपवर टाकता ना तुम्ही. लई वेळा ऐकली." तो खुश होऊन सांगत होता.

त्याच्या बेसवर ती जास्त चांगली वाजली. खंजिरीचा माझा ठेका तिथं चुकला. उस्तादांनी भुवई वर केली, बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोजागिरीच्या दिवशी ऊन उतरायच्या आत मी मैदानात. सतरंज्या घातलेल्या, कोपऱ्यात दुधाची कढई चढलेली, कॉलनीतल्या बायका बदाम कापत बसलेल्या. ताईंनी म्हटल्याप्रमाणे दोघांनाही एकेक अंतरा वाजवायला सांगितला. साडू आधी. नेहमीसारखा छान. मग मी माळ काढून, कुंकू पुसून, माझा बेस लावला आणि त्याच गाण्याचा अंतरा वाजवला.

ताईंनी डोळे मिटले. उस्तादांनी काठ्या खाली ठेवल्या. "अरे बाप रे," ते म्हणाले, "ये वोहीच बाजा है क्या?"

"आज तुम्हीच वाजवा," ताई मला म्हणाल्या.

साडू बेस पिशवीत घालत होता. "दादा, लई भारी झालाय! स्विच कुठं बसवला?"

"नाही बसवला. गरज काय?"

"बॅटरी ताजी आहे ना?"

"नवीकोरी."

तो सतरंजीवर लोकांत जाऊन बसला, मांडीवर मेव्हणीची पर्स सांभाळत. त्याला तसं बसलेलं बघून मला जे समाधान वाटलं ते मी इथं कमी करून लिहीत नाही.

पहिलं गाणं उत्तम गेलं. दुसऱ्यात मला आवाज जरा मऊ वाटला, मी नॉब वाढवला. तिसऱ्याच्या मध्यावर तो फाटायला लागला. जोरात छेडलं की खर्र, हळू छेडलं की काहीच नाही. पुढं बसलेल्या एका आजोबांनी मोठ्यानं विचारलं, "स्पीकर फाटला काय रे?" दुधाजवळून कोणीतरी हसलं. उस्ताद वाजवता वाजवता माझ्याकडं झुकले. "भाई, तेरा बाजा खाँस रहा है. दवा दे उसको."

मी सगळे नॉब फिरवून पाहिले. वायर हलवून पाहिली. मग एकदम प्लेटखालचा लाल दिवा आठवला आणि पूजेचे सगळे दिवस आठवले.

गाणं संपल्यावर ताईंनी माइकवर हसून सांगितलं, "जरा तांत्रिक अडचण आहे," आणि सतरंजीकडं हात केला. साडू उठला. पर्स मेव्हणीला दिली, पिशवी उघडली.

मी कढईमागच्या पायरीवर बसून सहा स्क्रू काढत होतो. बायकोनं मोबाइलचा उजेड धरला होता. या वेळी अगदी बरोबर जागी. यावरूनच परिस्थिती किती वाईट आहे ते मला समजलं. बॅटरीला मीटर लावला. ती संपली होती. दुसरी आणली नव्हती. त्या दिवशीच्या सामानात वायरी चिकटवायची टेप, जादा वायरी, फ्यूज, टॉर्च, डोकेदुखीची गोळी, सगळं होतं. स्वतः बसवलेली वस्तू बिघडेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या दुकानात बघून येऊ?" बायकोनं विचारलं.

"त्याच्याकडं पेन्सिल सेल असतात, ही नसते."

तेवढ्यात मैदानात ते संथ गाणं सुरू झालं. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिलो. ती जागा आली. वरून घसरत खाली, थांबा, सम. लोकांतून "वा!" आलं. आजवर त्या जागेला कोणी "वा" म्हटलं नव्हतं, कारण आजवर ती कोणाला ऐकूच आली नव्हती. माझीच जागा, माझ्याच कॉलनीत, मला कढईच्या धुरात बसून ऐकावी लागत होती.

"छान वाजवतात नाही?" बायको हळूच म्हणाली.

"ती माझी आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरात रोज ऐकते मी."

आणखी एक गाणं झालं आणि ताई दोन शब्द बोलायला लागल्या. साडू बेस गळ्यात अडकवूनच पायरीशी आला. उघड्या पोटाचा माझा बेस त्यानं पाहिला, मीटरवरचा आकडा पाहिला. स्वतःच्या बेसच्या पाठीवरचं दार नखानं उघडलं, बॅटरी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"घ्या, दादा. शेवटची दोन तुम्ही वाजवा."

"आणि तू?"

"मी दूध पितो."

नको म्हणायचं होतं. त्याची बॅटरी, त्याचा मोठेपणा, सगळं कढईत टाकावंसं वाटलं. पण खुर्ची रिकामी होती आणि मला ती हवी होती. मी घेतली. स्क्रू दोनच लावले, बाकीचे बायकोच्या मुठीत दिले.

शेवटची दोन गाणी मी वाजवली आणि ती चांगली झाली. माझा आवाज आजवर एवढा चांगला कधीच आला नव्हता. पहिल्या रांगेत साडू निकामी झालेला बेस मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होता, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जोरात. दुधाचा पहिला पेला त्याला मिळाला. देणारी माझी बायको होती.

"साखर मस्त पडलीय," तो तिला म्हणत होता. मी वायरी गुंडाळत होतो.

उस्ताद गाडीला किक मारताना म्हणाले, "तुम दोनो साडू मिलके एक अच्छा बेसवाला बनते."

दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागलो. जादा बॅटऱ्या आणल्या, दोन घरी, एक गिटारच्या पिशवीत. त्याची बॅटरी मेव्हणीच्या हाती परत पाठवली. बेसच्या पाठीला बॅटरीचं दार कापून घेतलं. डब्यातला स्विच काढला, भोक पाडलं, बसवला. आता बॅटरी गेली तरी जुना आवाज येतो. भिंतीवर वायर अडकवायला खुंटी ठोकली, म्हणजे वाजवून झालं की पिन बाहेर. घरातली पद्धतही बायकोनं बदलून टाकली: पुढच्या खंडेनवमीला वायर शेजारी गुंडाळून ठेवायची, आणि पूजा दुसऱ्या दिवशी उचलायची.

कालच्या रविवारी ताईंनी सांगितलं, कोजागिरीला आलेल्या एका पाहुण्यांनी हर्सूलला त्यांच्या सोसायटीत तुळशीच्या लग्नानंतर कार्यक्रमाला बोलावलं आहे. जागा छोटी, बेस एकच. "या वेळी मी नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "तुम्ही बोला साडूशी आणि मला कळवा."

साडू काल आला नव्हता, ऑफिसच्या कामानं पुण्याला गेला होता. आज परत आला असेल. सकाळपासून मी पट्ट्या लावल्या, गाण्यांचा क्रम ठरवला, त्या संथ गाण्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, एक्स्टेंशन बोर्डची पिन बदलली. बायको दोनदा विचारून गेली, "केला का फोन?" त्याला विचारलं तर तो लगेच म्हणणार, दादा, तुम्हीच वाजवा. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही. आणि तू वाजव, हे माझ्या तोंडून अजून निघत नाही.

साडूला फोन करायचा राहिला आहे.